धोंडुबाई वाईला गेल्या

“धोंडुबाई मरू शकत नाहीत,” विश्वजीत साहेब म्हणाले. “रंगुबाई गेल्या, वाईट झालं. पण धोंडुबाई हे आपल्या केंद्राचं पात्र आहे. पात्राला कसा काय कोरोना होईल?”

जयपाल मगदूम फरशीवर रंगवलेल्या पांढऱ्या गोलात उभा होता. नाकावरचा मास्क घसरत होता आणि तो वर ओढायची त्याला भीती वाटत होती, कारण मास्कला पुढून हात लावायचा नाही असं साहेबांनी वर्षभर शिकवलं होतं. शिकवलं होतं म्हणजे जयपालच्याच तोंडून दिवसातून बारा वेळा वदवून घेतलं होतं. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा होता. पडद्याखालून कागद इकडून तिकडे करायला एक निळी पाटी ठेवली होती.

“अर्धा मिनिट फक्त, साहेब. संध्याकाळच्या कार्यक्रमात. धोंडुबाईचं काम करणाऱ्या रंगुबाई हाक्के मंगळवारी वारल्या, एवढंच. मी त्यांच्या मुलाला शब्द दिलाय.”

“कशानं वारल्या?”

जयपाल निळ्या पाटीकडे बघू लागला.

“बघा. लोक हेच विचारणार. मग विचारणार कुठल्या दवाखान्यात. मग विचारणार बेड मिळाला होता का. आपण सकाळ-संध्याकाळ सांगतोय घाबरू नका, आणि आपणच घाबरवायचं? मला वर उत्तर द्यावं लागतं, मगदूम.”

साहेब ‘वर’ असा शब्द वापरत तेव्हा त्यांची नजरही थोडी वर जायची. छतावर एक बंद पडलेला पंखा होता.

*

कृष्णातीर जनवाणी हे सरकारी रेडिओ केंद्र माधवनगरच्या पुढे माळावर आहे. जयपाल तिथे नोकरीला कधीच नव्हता. तो सूतगिरणीत टाइमकीपर होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्याकडे एक हातघड्याळ, गुडघेदुखी आणि रेडिओवरचं हे काम उरलं. दर संध्याकाळी सहाला ‘मळ्याकडची सांज’ लागायची आणि त्यात तो केरबातात्या व्हायचा. रंगुबाई त्याची बायको, धोंडुबाई. बावीस वर्षं ही दोघं शेळीच्या लसीबद्दल, उसावरच्या लोकरी माव्याबद्दल आणि पीकविम्याच्या शेवटच्या तारखेबद्दल भांडत आली होती. धोंडुबाई दर वेळी तात्याला खुळ्यात काढायची आणि दर वेळी तिचंच खरं निघायचं.

ऐकणाऱ्यांना ही दोघं खरीच नवराबायको वाटायची. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कोरड्या मुलखातून पत्रं यायची. तुमच्या म्हशीचं दुखणं बरं झालं का? एकाने लग्नाची पत्रिका पाठवली होती, तीवर ‘श्री. केरबातात्या व सौ. धोंडुबाई, सहकुटुंब’ असं लिहिलं होतं. हे लोक खुळे होते असं समजण्याचं कारण नाही. रोज संध्याकाळी घरात येऊन जो खरं सांगून जातो त्याला माणसं घरचा समजतात, इतकंच. आणि बावीसपैकी एकवीस वर्षं त्या दोघांनी खरं सांगितलं होतं.

खऱ्या आयुष्यात रंगुबाई जत तालुक्यातल्या धनगराघरची. नवरा तरुणपणीच गेला. मग अंगणवाडीत मदतनीस, आणि म्हातारपणी कुपवाडला मुलाकडे. कार्यक्रमात धोंडुबाई आली हे कळायला बांगड्यांचा आवाज लागायचा, आणि रंगुबाईच्या हातात बांगड्या नसायच्या. म्हणून स्टुडिओच्या खणात एक डझन हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवलेल्या होत्या. आल्या आल्या ती त्या हातात चढवायची, निघताना उतरवून पुन्हा खणात. भावकीतल्या कुणीतरी याला नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली होती, “रेडिओत कोन बघतंय? आन् बघितलं तर बघू दे.” रेकॉर्डिंग संपलं तरी कधी कधी ती चहा पिईपर्यंत बांगड्या तशाच ठेवायची. जयपालने ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याला बोलून दाखवायला काहीच जमत नसे. लिहिलेलं वाचता मात्र फार चांगलं यायचं.

साथ आली आणि लिहिलेलं वरून येऊ लागलं. आधी ते हिंदीत असायचं, मग कुणीतरी त्याचं मराठी करायचं, मग विश्वजीत साहेब त्यात ‘अगं’ आणि ‘आवं’ घालायचे. खाली गोल शिक्का. शिक्का बसला की एक शब्दही हलवायचा नाही.

“ईस शेकंद हात धुवायचं,” रंगुबाईने पहिल्याच आठवड्यात कागद वाचून विचारलं होतं, “आन् प्यायचं काय? अण्णा, आमच्या गावात टँकर आठव्या दिवशी येतुया.”

काचेपलीकडून साहेबांचा आवाज आला, “रंगुबाई, कागदाप्रमाणे.”

“व्हय सायेब,” ती म्हणाली, आणि मग बांगड्या वाजवून, इतक्या मायेने, पाणी नसलेल्या मुलखाला हात धुवायला सांगू लागली, की ऐकणाऱ्याने उठून रिकाम्या घागरीकडे जावं.

माणसं किती गेली याचा तक्ता दुसऱ्या कुठल्या तरी खात्याकडे होता. या केंद्राकडे प्रसारणांचा तक्ता होता. रोज संध्याकाळी तो वर जायचा. हात धुणे, चौदा वेळा. मास्क, बारा वेळा. घाबरू नका, वीस वेळा. चौकटी भरल्या की त्या दिवसापुरती साथ आटोक्यात आली असं धरायचं. विश्वजीत साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट व्हायला जेवढं स्वतःचं मत लागतं तेवढंही त्यांच्याकडे नव्हतं.

*

दुसरी लाट आली तेव्हा एप्रिलच्या मध्यावर एक नवा कागद आला. शेजारच्या जयराजला खोकला लागलाय, असं तात्या म्हणतो. त्यावर धोंडुबाईचं बोलणं होतं: “आवं मग बसलाय काय? त्या नंबरावर फोन लावा की. माझ्या भावाला एका फोनवर गाडी आली. बेड हाय, ऑक्सिजन हाय, समदं हाय. घाबरायचं न्हाई.”

“माझ्या भावाला म्हंजे?” रंगुबाई म्हणाली. “मला भाऊच न्हाई.”

“धोंडुबाईला आहे,” साहेब म्हणाले.

एका दमात झालं ते रेकॉर्डिंग. बांगड्या उतरवताना ती जयपालला हळूच म्हणाली, “अण्णा, येताना दवाखान्याच्या दारात रिक्षात माणसं झोपल्याली बघितली म्या. नाकात नळ्या घालून. बेड कुठं हाय म्हनं?”

“वरून आलंय म्हणजे असेल,” जयपाल म्हणाला.

असं म्हणताना त्याला ते खोटं वाटलं नव्हतं, आणि खरंही वाटलं नव्हतं. त्याला काहीच वाटलं नव्हतं. गिरणीत असताना भोंगा वाजला की तो वेळ लिहायचा, तसं ते होतं.

मे महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी रंगुबाईच्या मुलाचा फोन आला. तो रडत नव्हता. एखाद्या कचेरीत तक्रार द्यावी तसा सांगत होता.

“काल साडेअकराला फोन लावाय सुरू केला, अण्णा. त्या नंबरावर. आईचा दम लय वाढला हुता. फोन उचलायच्या आदी त्ये लागतंय न्हवं, तुमचं दोघांचं, रेडिओतलंच. पयलं तुमी बोलताय, मग आई. त्ये संपलं की परत पयल्यापासनं. मी स्पीकरवर ठिवला हुता, आईला समदं ऐकू येत हुतं. चार-पाच डाव झाल्यावर आई म्हनली, ती बाई लय बोलती, बंद कर तिला.”

“मग?”

“मग बंद केला. तिनाला गेली.”

मुलगाच पुढे म्हणाला, “मयताला आमी चारच जन हुतो. गावाकडनं कुनाला येऊ दिलं न्हाई. तुमच्या रेडिओवर तेवढं सांगशिला न्हवं? जतकडची समदी मानसं ऐकत्यात. गेली म्हनून तरी कळंल.”

“सांगतो,” जयपाल म्हणाला. “नक्की सांगतो.”

तो शब्द घेऊन तो दुसऱ्या दिवशी गुरुवारी पांढऱ्या गोलात उभा राहिला होता.

*

साहेबांनी निळी पाटी पुढे सरकवली. तीत एक कागद होता, शिक्का बसलेला.

“मी रात्री बसून लिहिलंय. धोंडुबाई लेकीकडे वाईला गेल्यात. तिथून फोनवर बोलतात. म्हणजे आवाज बदलला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही, फोनवर आवाज बदलतोच. आठवड्याभरानं त्या परत येतील.”

“कोण परत येईल?”

“सोनिया. इस्लामपूरची आहे. नाटकात काम करते.”

जयपालने कागद वाचला. त्यात तात्या विचारत होता की तुझा आवाज असा का येतोय, आणि धोंडुबाई सांगत होती की वाईला घाटावरच्या पाण्याने घसा बसला. वाईला आणि सांगलीला एकच कृष्णा वाहते हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि शिक्का मारणाऱ्याच्याही.

“साहेब, असं कसं सांगायचं? ती बाई परवा गेली.”

“मगदूम, लस घ्यायला लोक तयार नाहीत. लोक धोंडुबाईचं ऐकतात. त्या जिवंत राहण्यानं चार लोक वाचत असतील तर वाईट काय? आणि तुम्हाला रंगुबाईंबद्दल एवढं वाटतं, तर त्यांचं काम पुढे चाललं याचा आनंद व्हायला पाहिजे.”

या बोलण्यात काहीतरी चुकत होतं. काय ते जयपालला तिथल्या तिथे सांगता येईना. घरी गेल्यावर त्याला तीन उत्तरं सुचणार होती. त्याला नेहमी घरी गेल्यावर सुचत असे.

स्टुडिओत सोनिया आधीच येऊन बसली होती. पंचविशीतली, हसरी, हाताला सॅनिटायझरचा वास. “नमस्कार धनी!” ती मालिकेत म्हणतात तसं म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिने खण उघडला. “अय्या, बांगड्या पण आहेत! या धोंडुबाईंच्याच का?”

“त्या राहू द्या,” जयपाल म्हणाला.

काचेपलीकडून आवाज आला, “का? इफेक्ट पाहिजे. घाला घाला.”

सोनियाने बांगड्यांवर सॅनिटायझर फवारलं, कागदी रुमालाने एकेक पुसली आणि हातात चढवली. तिला त्या सैल होत होत्या. लाल दिवा लागला. बांगड्या वाजल्या.

जयपालने वाचलं. चांगलं वाचलं, हे लपवण्यात अर्थ नाही. “अगं, तुझा आवाज गं असा का येतोय?” हे वाक्य त्याने इतक्या काळजीने म्हटलं, की रेकॉर्डिंग संपल्यावर सोनियाने टाळ्या वाजवल्या.

*

संध्याकाळी सहाला जयपालच्या बायकोने, आक्काताईने, पानं घेतली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणजे ‘मळ्याकडची सांज’ ऐकत जेवायचं, हे त्या घरात ठरून गेलं होतं. बावीस वर्षं आक्काताईने नवऱ्याला दुसऱ्या बाईशी भांडताना ऐकत भाकरी वाढली होती. रंगुबाईशी तिची ओळख एकदाच झालेली. कुणाच्या तरी लग्नात रंगुबाई तिला म्हणाली होती, “आक्का, तुमचा नवरा लय गरीब हाय. म्या दिसाला एकदा शिव्या देती, उरल्याल्या तुमी द्या.”

रेडिओवर बांगड्या वाजल्या. मग फोनमधून आल्यासारखा बारीक आवाज. मी लेकीकडं बरी हाय बगा. हितं समदं मिळतंय.

आक्काताईने उठून रेडिओ बंद केला.

“मेलेल्या बाईला वाईला धाडली व्हय?”

“मी लिहिलं न्हाई.”

“आवं लिवलं न्हाई, बोलला न्हवं? भाड्याचं तोंड हाय व्हय तुमचं?” ती ताटासमोर बसली नाही, उभीच राहिली. “तिच्या लेकानं आत्ता हे ऐकलं असंल. त्येला काय वाटलं असंल, जरा डोस्क्यात येतंय का? तुमी त्येला शबुद दिलता, माझ्यासमोर.”

“साहेब म्हणाले, चार माणसं वाचतील.”

“एक वाचवली आसती तर म्हनलं आसतं.”

ती आत गेली. जयपाल ताटासमोर बसून राहिला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं आणि मग गेलं. दिवस मावळल्यावर त्याने ताट तसंच झाकून ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गोलात उभा राहिला.

“मी दहा दिवस येणार नाही. मला सुतक आहे.”

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “घरी कोणी...? टेस्ट केली का तुम्ही?”

“घरी नाही. धोंडुबाईचं.”

खोटं बोलणार नाही असं त्याला म्हणता आलं नाही. तेवढा तो माणूस नव्हता, आणि वर्षभर वाचल्यावर ते कुठल्या तोंडाने म्हणणार? सुतक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने सुतक सांगितलं. शाळकरी मुलाने पोटदुखी सांगावी तसं.

साहेबांनी मात्र विचारलं. “मगदूम, तुम्ही जैन. त्या धनगर. तुमचं नातं काय त्यांच्याशी?”

“करारात लिहिलंय, साहेब. भूमिका केरबातात्या, धोंडुबाईचे पती. बावीस वर्षं दर वर्षी सही करतोय. तुमचाही शिक्का आहे.”

साहेबांनी निळी पाटी स्वतःकडे ओढून घेतली. मग साहेब म्हणाले, “तुमचं नाव यादीतून जाईल. पुन्हा बोलावणं येणार नाही. विचार करा.”

“बरं,” जयपाल म्हणाला. दारापर्यंत जाताना त्याने भिंतीला हात लावला. भिंतीला हात लावायचा नाही, असाही एक कागद त्याने वाचला होता.

त्या संध्याकाळपासून ‘मळ्याकडची सांज’मध्ये जुन्या मुलाखती लागू लागल्या. तात्याशिवाय सोनिया एकटी कुणाशी बोलणार? केंद्राच्या फाटकावरच्या खोलीत फोन होता आणि तिथे आप्पासो बसायचा. आप्पासो पहारेकरी, बागेला पाणी घालणारा आणि फोन घेणारा असा तिन्ही होता. फोनवर काय सांगायचं ते साहेबांनी त्याला लिहून दिलं होतं: तांत्रिक कारणामुळे.

पहिल्या दोघांना त्याने तसं सांगितलं. तिसरा फोन आटपाडीकडच्या एका म्हातारीचा आला.

“तात्या का न्हाई रं रेडिओत?”

“तांत्रिक कारन हाय.”

“म्हंजे काय रं बाबा?”

आप्पासोला ते माहीत नव्हतं. मग त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं. “म्हातारे, तात्यास्नी सुतक हाय.”

“तरीच,” ती म्हणाली. “वाईस्नं बोलली ती धोंडुबाई न्हवंच. आमास्नी काय कळत न्हाई व्हय?”

तिने फोन ठेवला, आणि पुढच्या तीन दिवसांत कुणी आप्पासोला कारण विचारलं नाही. फोन यायचे ते तात्यांचं घर कुठे आहे, एवढंच विचारायला.

*

मंगळवारी साडेपाचच्या सुमाराला माधवनगरात जयपालच्या दारासमोर एक धुळीने भरलेली मोटरसायकल थांबली. खांद्यावर घोंगडं, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस उतरला. त्याने हँडलला अडकवलेलं पांढरं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांत धरून तो दाराशी आला. आक्काताईने दार उघडलं.

“रेडिओतल्या केरबातात्यांचं घर ह्येच न्हवं?”

“व्हय. तुमी?”

“म्या बिराप्पा. जतच्या अल्याडनं आलोय. तात्यांची मंडळी गेली न्हवं... कडू घास आनलाय.”

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. सोयरेधायरे आपल्या घरून भाकरी बांधून आणतात आणि त्या घरच्यांना समोर बसवून खायला घालतात. तो कडू घास. आक्काताईने तो अनेक घरी नेला होता. स्वतःच्या मरणाचा आलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

आतल्या खोलीत जयपाल खुर्चीवरून अर्धवट उठला होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. आता हिने काहीही सांगितलं तरी तिचं बरोबर असेल, असं त्याला वाटलं.

“तुमी तात्यांच्या कोन?” बिराप्पाने विचारलं.

आक्काताई फडक्याकडे बघत होती. “बहीण,” ती म्हणाली. “या. आत हाय दादा.”

बिराप्पा आत आला आणि उंबऱ्याजवळच बसला. जयपालने पुढे बोलावलं तरी सरकला नाही. “असू द्या. दोन हात लांब बसा म्हनून तुमीच सांगताय की रोज.” मग तो जयपालकडे बराच वेळ बघत राहिला. “आवाजावनं लय दांडगा गडी वाटत हुता तुमी. वाळलाय पार.”

“एवढ्या लांबून आलात. अडवलं नाही कुणी?”

“चार ठिकानी आडवलं. मिरजंच्या अलीकडं एक पोलीस म्हनला पास दाव. म्या म्हनलं पास कुठला, कडू घास घिऊन चाललोय, तात्यांची बायकू गेली. कोन तात्या म्हनला. म्हनलं रेडिओतलं. खरंच गेली व्हय म्हनला. जावा म्हनला.” त्याने टॉवेल तोंडावरून खाली घेतला आणि पुन्हा वर ओढला. “येळ झाला यायला. रेडिओत सांगितलं म्हनं, वाईला गेल्यात. म्हनून चार-पाच दिस खोटी झाली.”

जयपालने मान खाली घातली.

“तात्या, एक सांगू का? राग मानू नगा.” बिराप्पा फरशीकडे बघत बोलू लागला. “माझा थोरला भाऊ गेला चैतात. खोकला लागला तवा धोंडुबाई म्हनल्या फोन लावा, बेड हाय, समदं हाय. लावला. दिसभर लावला. मग टेंपोत घालून निघालो, तर वाटंतच... तवापास्नं म्या रेडिओ लावला न्हाई. म्हनलं तात्या आन् धोंडुबाई बी खोटं बोलाय लागली. घरात लय शिव्या दिल्या तुमास्नी. लय घान दिल्या. मग परवा कळलं तुमच्या घरात बी त्येच झालं. तुमी बी फोनच लावत बसला असशिला. तुमास्नी मिळाला न्हाई, तर आमास्नी कुठला मिळतुया? तुमास्नी तरी काय ठावं.”

“बिराप्पा, तसं नाही,” जयपाल म्हणाला. “मला तुम्हाला एक...”

“आदी खावा,” आक्काताई म्हणाली. ती पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये उभी होती. “सांगायचं ते मागनं. एवढ्या लांबनं आनलंय त्येंनी.”

जयपालने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर त्याच्यासाठी दया नव्हती.

तिने फडकं सोडलं. ज्वारीच्या चार भाकरी, वर घट्ट पिठलं आणि लाल चटणी. लसणाचा वास खोलीभर झाला. त्या घरात चव्वेचाळीस वर्षांत लसूण आला नव्हता. आक्काताईने ताट आणलं, भाकरी मोडली, तिच्यावर पिठलं घातलं, चटणी घातली आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

जयपालने घास घेतला. मग त्याने दुसरा घेतला.

“आक्का, तुमी बी,” बिराप्पा म्हणाला. “घरातल्या समद्यांनी घ्यायचा असतुया.”

आक्काताई पदर सावरून नवऱ्याशेजारी बसली आणि तिने त्याच ताटातली भाकरी मोडली. बिराप्पा दोन हातांवरून बघत होता, आपण वाढलेलं पोटात जातंय की नाही हे बघावं तसा. मध्येच तो म्हणाला, “धोंडुबाईंनी आमची तीन बकरी वाचीवली. लस टोचा म्हनल्या, म्हनून टोचली.” उन्हाची तिरीप भिंतीच्या कडेला आली होती. दिवस मावळायच्या आत दोघांनी चारही भाकरी संपवल्या.

बिराप्पाने रिकामं फडकं उचललं, दाराबाहेर झटकलं आणि घडी करून घोंगड्याखाली खांद्यावर टाकलं. त्याने जयपालकडे एकदा बघितलं. मयताच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. तो म्हणाला नाही. पायात वहाणा घालून तो पायरी उतरला.